मुलं रमतात, पण वाचन-गणित तिथेच अडलंय

प्रश्न असा आला आहे: "मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र शिकवते. रचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं हा विचार), आनंददायी शिक्षण, कृतियुक्त अध्यापन अशी बरीच प्रशिक्षणं झाली. वर्गात फरशी रंगवून घेतली आहे, गणितपेटी आहे, गाणी-खेळ घेते. मुलं रमतात, गैरहजेरी कमी झाली. पण चौथीतली पाच-सहा मुलं अजून जोडाक्षरांना अडतात आणि हातच्याची वजाबाकी निम्म्या वर्गाला येत नाही. पालक म्हणतात, शाळेत नुसतं खेळवतात. या वेगळ्या पद्धती खरंच उपयोगाच्या आहेत का? असतील तर अभ्यासक्रम सांभाळून कशा करायच्या?"

ताई, उपयोगाच्या आहेत, अगदी खात्रीने सांगते. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं, की तुमच्या वर्गात मुलांचे हातपाय भरपूर हलताहेत आणि डोक्याला मात्र तेवढं काम मिळत नाहीये. हे तुमच्या एकटीच्या वर्गात होतंय असं समजू नका. मी आधी वर्गावर होते, नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात आले, आणि शाळाभेटींत मला हेच सर्वांत जास्त वेळा दिसलं: साहित्य वर्गात पोचलं, त्यामागचा विचार वाटेत राहिला.

२०१५ मध्ये राज्य शासनाचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथलं काम मूल कसं शिकतं या विचारातून उभं राहिलं होतं. बाकीच्यांकडे पोचले ते मुख्यतः फरशीचे फोटो. मग गावोगावी लोकवर्गणी निघाली, पेंटर आला, वर्ग रंगले. रंगवलेल्या फरशीला माझी हरकत नाही. मुलं खाली बसून, सरकून, एकमेकांकडे तोंड करून त्यावर छान काम करतात. पण चौकटींवर उड्या मारत मूल "पाच, दहा, पंधरा, वीस" म्हणत गेलं तर ते पाठ केलेलंच म्हणतंय, बसून म्हणायचं ते उड्या मारत म्हणतंय इतकंच. म्हणून कुठलीही कृती घ्यायच्या आधी एवढं तपासा: यात मुलाला कुठे थांबून विचार करावा लागेल? तशी जागा सापडली नाही तर ती कृती विरंगुळ्यासाठी ठेवा, पण तिला गणिताचा तास म्हणू नका.

तुमच्या गणितपेटीत शंभर मण्यांची माळ असेल, दहा लाल, दहा पांढरे अशी. नसेल तर सुतळीत मणी ओवून मुलांकडूनच करून घ्या. ती फळ्याखाली दोन खिळ्यांना ताणून बांधा आणि कपडे वाळत घालायचा चिमटा एका मुलाच्या हातात द्या. "सत्तेचाळीस मणी झाले की तिथे चिमटा लाव." बहुतेक मुलं पहिल्या मण्यापासून बोट लावत मोजत जातील. ती मोजून झाली की विचारा, "एकेक मणी न मोजता कोणाला लावता येईल?" इथे वर्ग थोडा गप्प होतो. त्या शांततेत घाई करू नका. कुणीतरी म्हणेल, चार रंग ओलांडले की चाळीस झाले, मग पुढे सात. दुसरं कुणी म्हणेल, पन्नासाच्या अलीकडे तीन. ज्या मुलाला हे दुसरं सुचलं त्याला दशक कळायला लागला आहे, हे तुम्हाला कुठल्याही चाचणीशिवाय कळतं.

आता सत्तेचाळीसमध्ये अडतीस मिळवायला सांगा, पण उभी मांडणी न करता. एक मूल तीन मणी पुढे जाऊन पन्नासावर उभं राहील, उरलेले पस्तीस पुढे टाकेल आणि पंच्याऐंशीवर पोचेल. दुसरं दहा-दहाच्या तीन उड्या मारून सत्त्याहत्तरवर जाईल, मग आठ. फळ्यावर दोन आडव्या रेषा काढा, दोन्ही रीती उड्यांच्या कमानींनी दाखवा आणि ज्याची रीत त्याचं नाव रेषेशेजारी लिहा. कुणी पंचाहत्तर म्हणालं तर लगेच खोडू नका, "माळेवर दाखव" म्हणा. माळेवर दाखवताना बहुतेक वेळा मूल स्वतःच अडतं आणि स्वतःच दुरुस्त करतं. यात साहित्य तेच आहे, जे गेली कित्येक वर्षं पेटीत पडून असेल. बदलला तो तुमचा प्रश्न, आणि उत्तर ऐकल्यावर तुम्ही काय केलंत ते.

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि ती मुलांची चूक नाही. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. कच्ची मुलं ५२ लिहून मोकळी होतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये रूढ नावांसोबत 'वीस पाच' अशी वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला तो बदल तेव्हाही पटला होता, आजही पटतो. अडलेल्या मुलाला काही आठवडे दोन्ही म्हणू द्या: "वीस पाच, पंचवीस." माळ समोर असेल तर दोन दशक आणि पाच सुटे त्याला दिसतातच. पुढे 'वीस पाच' आपोआप गळून पडतं.

हातच्याच्या वजाबाकीसाठी काड्यांचे गठ्ठे वापरता ना? मग एक करा. गठ्ठ्याचं रबर मुलाला स्वतःच्या हाताने काढू द्या. पुष्कळ वर्गांत बाई पुढे उभ्या राहून गठ्ठा सोडतात आणि मुलं बघतात. बावन्नमधून सत्तावीस काढायचे आहेत, हातात सुट्या काड्या दोनच, आणि द्यायच्या आहेत सात, ही पंचाईत मुलाला स्वतःला जाणवली पाहिजे. मग तो गठ्ठा सोडतो, बारा सुट्या होतात, सात देतो, पाच उरतात, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन देतो, पंचवीस. असे पाचसहा व्यवहार झाल्यावरच वहीत उभी मांडणी आणा, आणि मांडणीतल्या प्रत्येक खुणेला "हे काड्यांमध्ये कुठे झालं?" असं विचारा. उसना घेतलेला दशक परत कधी करायचा, असं मला वर्गात मुलांनी विचारलेलं आहे, आणि आपल्याच शब्दांतून आलेला तो अगदी रास्त प्रश्न आहे. म्हणून मी 'दशक सुटा केला' असंच म्हणते.

आता वाचन. चौथीतली जी मुलं अडतात त्यांना एकत्र 'कच्ची मुलं' म्हणून बसवण्याआधी प्रत्येकाबरोबर पाच मिनिटं एकट्याने बसा. सुटी अक्षरं, काना-मात्रांचे साधे शब्द, जोडाक्षरी शब्द आणि एक छोटा उतारा, एवढं वाचून घ्या आणि कुठे अडलं ते डायरीत लिहा. सगळी एकाच ठिकाणी अडलेली नसतात. एखाद्याची इकार-उकारातच गल्लत होते. एखादा चित्र बघून अंदाजाने वाक्य ठोकून देतो. एखादी मुलगी घडाघडा वाचते आणि काय वाचलं विचारलं तर काहीच सांगू शकत नाही. या तिघांना तीन वेगळी औषधं लागतात, आणि सगळ्यांकडून बाराखडी गिरवून घेतली तर तिघांपैकी एकालाच थोडा फायदा होतो.

जोडाक्षरांसाठी पुस्तकातल्या यादीकडे जाऊ नका, मुलांच्या तोंडात जी आहेत ती बाहेर काढा. एका मोठ्या कागदावर मधोमध 'त्र' लिहा आणि विचारा, कुठल्या शब्दात हा ऐकू येतो. कुत्रा, रात्र, मित्र, जत्रा, पत्रा, चित्र असे शब्द यायला लागतात. जत्रेचा विषय निघाला की वर्ग बोलायला लागतो, तो बोलू द्या. दुसऱ्या दिवशी 'म्ह' घ्या: म्हैस, तुम्ही, आम्ही, म्हातारा, म्हणून. हे शब्द मुलं दिवसभर बोलतात, त्यामुळे उच्चार शिकवावा लागत नाही, फक्त तो डोळ्यांना ओळखायचा असतो. सगळ्यात शेवटी 'र' घ्या, कारण तो फार वेषांतर करतो. सूर्यात डोक्यावर बसतो, चक्रात पोटात शिरतो, ट्रकमध्ये पायाशी येतो आणि पुऱ्यांमध्ये आणखी वेगळाच. त्याचे चार कागद करा, एकाच दिवशी नाही. हे कागद भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला लावा. बऱ्याच शाळांत तक्ते मोठ्या माणसांच्या उंचीवर असतात. नवा शब्द सुचला की मुलांनी स्वतः जाऊन लिहावा. चुकीचा लिहिला तर परिपाठानंतर सगळ्यांनी मिळून बघावा.

याच्या जोडीला रोज पंधरा-वीस मिनिटं मुलांचं बोलणं लिहून घ्या. सकाळी कुणीतरी सांगतं, "बाई, आमची शेळी काल व्याली, दोन पिल्लं झाली." ते जसं बोललं तसं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा. घरची बोली आली, अहिराणी असो, वारली असो, गोरमाटी असो, तर पहिल्यांदा तीच लिहा. मग विचारा, पिल्लं कुठल्या रंगाची, रात्री कोण जागं होतं, आजीने शेळीला काय खायला घातलं. चार-पाच वाक्यांचा मजकूर होतो. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांनी वाचायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या वाक्यपट्ट्या कापून उलटसुलट करायच्या आणि परत क्रमाने लावायच्या. चौथीच्या मुलांनी त्याला पुस्तकाच्या भाषेत आणायचं आणि शेवटी आपलं एक वाक्य जोडायचं. ज्याची शेळी, त्या मुलाला तो मजकूर हमखास वाचता येतो, कारण त्यातला शब्द न् शब्द त्याचा असतो. दीडदोन महिन्यांत वर्गाकडे पंचवीस-तीस पानांचं स्वतःचं पुस्तक तयार होतं, आणि मी पाहिलंय की मुलं ते बालभारतीच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा उघडतात.

मात्र एक गोष्ट ठासून सांगते. अक्षरं ही शोधून काढायची गोष्ट नाही. 'ज्ञ' कसा वाचायचा हे कुणी सांगितल्याशिवाय कुठल्याही मुलाला स्वतःहून कळणार नाही. रचनावादाच्या नावाखाली काही वर्गांत शिकवणंच बंद झालं, आणि त्याचं नुकसान सोसलं ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नव्हतं अशा मुलांनी. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वंचित वस्त्यांतल्या मुलांबरोबर जे काम केलं, ज्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं, त्यात या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात: अक्षरं नेमाने, क्रमाने शिकवायची आणि त्याच वेळी मुलाला पहिल्यापासून स्वतःच्या मनातलं लिहू द्यायचं. पाढ्यांचंही तसंच. 'चार' पाच वेळा घेतले म्हणजे काय हे समजल्यावर पाढे पाठ करून घ्या, अगदी जुन्या पद्धतीने तालावर म्हणून घ्या. पाठांतरात वाईट काही नाही. आपल्याकडे पावकी, निमकी, दीडकी म्हणणारे लोक तोंडी हिशोबात पक्के होतेच. समजण्याच्या आधी पाठांतर आलं की मात्र ते डोक्यात सुटं पडून राहतं.

साहित्याबद्दल विचाराल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापासून शिकण्यासारखं अजून पुष्कळ आहे. ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई त्यांच्या सोबत आल्या, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत पोचलं. माँटेसरीचं लाकडी साहित्य महाग होतं, खेड्यात मिळणारं नव्हतं. त्यांनी त्यातल्या प्रत्येक वस्तूचं प्रयोजन बघितलं. लहानमोठं, जडहलकं, खरबरीत-गुळगुळीत, चढता-उतरता क्रम. मग तेच काम करणाऱ्या बिया, दगडगोटे, शंख-शिंपले, पानं गोळा केली. मुलं अंगणात असतात तर शाळा अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि कुरणशाळा चालवली. 'वेगळी पद्धत' म्हटलं की मला आधी हे आठवतं. मूल कुठे आहे आणि त्याला काय येतं, हे बघून त्यांनी शाळेचा आकार बदलला. आज वर्गात टीव्ही आणि टॅब आले आहेत, त्यांनाही हीच कसोटी लावा.

तुमच्या शाळेत गणित शिकवायचं सगळ्यात चांगलं साहित्य स्वयंपाकघरात आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम आणि डाळ २० ग्रॅम असं प्रमाण असतं. रोज सकाळी हजेरी झाली की चौथीच्या दोन मुलांनी आजचा हिशोब काढायचा. आज ३७ मुलं, म्हणजे तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम, डाळ ७४० ग्रॅम. स्वयंपाकाच्या मावशींकडे जाऊन काट्यावर मोजायचं आणि दोन्ही जुळतं का बघायचं. तिसरीच्या मुलांनी कालच्यापेक्षा आज किती जास्त किंवा कमी लागलं ते काढायचं. गोणीत किती शिल्लक आहे आणि ती किती दिवस पुरेल, हा आठवड्याचा प्रश्न. चुलीजवळ मुलांना जाऊ द्यायचं नाही, मोजमाप बाहेरच करायचं. यात ग्रॅम-किलोचं रूपांतर, गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळं येतं, आणि उत्तर चुकलं तर भात कमी पडतो, हे मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. परसबाग असेल तर वाफ्याची लांबी-रुंदी, दोन रोपांतलं अंतर, मेथी किती दिवसांनी उगवली याचा तक्ता. चौथीला परिमिती शिकवायची वेळ येईल तेव्हा आधी वाफ्याला कुंपण घालायला दोरी किती लागेल ते विचारा.

ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हाताच्या कामातून विषय शिकण्याचीच होती. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेने चालते. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं वेल्डिंग, शेती-पशुपालन, वीजजोडणी, आरोग्य-स्वयंपाक यांतून शिकतात, आणि तो कार्यक्रम माध्यमिक शाळांपर्यंत गेला. नई तालीम बहुतेक ठिकाणी टकळी फिरवण्यापुरती उरली, कारण सूत किती निघालं ते मोजलं गेलं आणि त्यातून कुठलं गणित, कुठला इतिहास, कुठलं विज्ञान शिकायचं हे सुटलं. तुमच्या परसबागेचंही तेच होऊ शकतं. मुलं पाणी घालतात, फोटो निघतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातो, आणि वाफ्यातलं गणित वाफ्यातच राहतं. म्हणून काम झालं की दहा मिनिटं वहीसाठी ठेवाच: आज काय मोजलं, काय वाटलं होतं, काय निघालं.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर तुमची भीती मला समजते, पण कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषणातून, बालस्नेही पद्धतीने शिकवावं, आणि शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास त्याच कायद्यात आहेत, म्हणजे दिवसाचे सरासरी चार तास. त्यातला रोज एक तास वाचनाला आणि एक तास गणिताला या पद्धतीने घट्ट बांधून टाका, उरलेल्यात बाकीचं बसतं. पुस्तक सोडायची गरज नाही. परिसर अभ्यासात 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत. आपण त्या बहुतेकदा वाचून पुढे जातो. धडा त्या चौकटीपासून सुरू करा, आधी करून पाहू द्या आणि मग मजकूर वाचा. मुलांना मजकूर झरझर कळतो आणि वेळ उलट वाचतो.

परीक्षेचा विषय मात्र टाळून चालत नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलं प्रयोग करून, पानं गोळा करून, भिंगाखाली बघून शिकायची. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला. अरविंद गुप्तांची काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून बनणारी खेळणी त्या काळातली. तो कार्यक्रम तीस वर्षं टिकला, आणि माझ्या मते त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी परीक्षाही बदलली होती: पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि त्याच्या जोडीला प्रात्यक्षिक. शासनाने २००२ मध्ये तो बंद केला. आपल्याला राज्याची परीक्षा बदलता येत नाही, पण घटक चाचणी आपल्याच हातात आहे. तुम्ही वर्गात "कसं काढलंस?" विचारत असाल आणि चाचणीत फक्त रिकाम्या जागा देत असाल तर मुलं आठवड्याभरात ओळखतात की खरं महत्त्व कशाला आहे. चाचणीत एक तरी प्रश्न असा ठेवा: "दोन वेगळ्या रीतींनी सोडव", किंवा "एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिले, त्याचं काय चुकलं ते त्याला समजावून सांग." दुसरा प्रश्न मला फार आवडतो, कारण मोठ्यातून लहान वजा करायची जुनी खोड त्यात लगेच बाहेर येते.

दोन इयत्ता एकत्र आहेत याचं ओझं मानू नका. विषय एक ठेवा आणि अपेक्षा दोन. मोजमाप असेल तर तिसरी पट्टीने सेंटीमीटरमध्ये मोजेल, चौथी त्याचं मीटरमध्ये रूपांतर करून बेरीज करेल. शेळीचा मजकूर तिसरी वाचेल, चौथी वाढवेल. जोड्या लावताना हुशार मूल नेहमी शिकवणारं आणि कच्चं मूल नेहमी शिकणारं असं होऊ देऊ नका. दोघांनाही त्याची सवय लागते, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. ज्याला वाचता येत नाही त्याला पक्ष्यांची घरटी, झाडं, बैलाची अवजारं यातलं काहीतरी इतरांपेक्षा जास्त माहीत असतं. त्या दिवशी तो सांगणारा आणि बाकीचे लिहिणारे.

वर्गात आवाज होणार. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आधी कल्पना द्या. आवाजाने तुम्ही स्वतः बेचैन होत असाल तर गप्प करण्याआधी दोन गटांजवळ जाऊन नुसतं ऐका. "अरे इथून मोज", "नाही, ते दहा झाले की" असं काही कानावर आलं तर ते चालू द्या.

पालकांचं म्हणणं मनावर घ्या, ते चूक बोलत नाहीत. पोटाला चिमटा काढून इंग्रजी माध्यमात घालावं की तुमच्याकडे ठेवावं, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न आहे, आणि तुमची पटसंख्या त्याच्यावर अवलंबून आहे. त्यांना वहीत काहीतरी दिसायला हवं असतं. पुढच्या पालकसभेत भाषण करू नका. तीन मुलांना आपापल्या घरचा मजकूर सगळ्यांसमोर वाचू द्या, चौथीच्या मुलीला तांदळाचा हिशोब फळ्यावर मांडू द्या. मग एखाद्या आजीला जात्यावरच्या ओव्या सांगायला, एखाद्या वडिलांना बी-बियाण्याचं प्रमाण सांगायला वर्गात बोलवा. आपलं ज्ञान शाळेत चालतं हे दिसल्यावर खेळवतात ही तक्रार कमी होते, हा माझा अनुभव आहे.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मुलांबरोबर ती पाच-पाच मिनिटं बसा आणि डायरी भरा. दुसऱ्या आठवड्यापासून मुलांचं बोलणं लिहून घेणं आणि जोडाक्षरांचे कागद. ते अंगवळणी पडलं की माळ आणि काड्या. पोषण आहाराचा हिशोब त्यानंतर. केंद्रप्रमुख आले आणि वह्या कमी भरलेल्या दिसल्या तर ती डायरी पुढे ठेवा. कोणतं मूल जुलैमध्ये कुठे होतं आणि सप्टेंबरमध्ये कुठे आहे हे त्यात तारखेसकट असेल, तर त्याहून चांगलं दप्तर दुसरं नाही. केंद्र शासनाच्या निपुण भारत अभियानातही तिसरीअखेर वाचन आणि संख्याज्ञान याच दोन गोष्टींवर भर आहे, त्यामुळे तुमची नोंद तिथेही चालते.

तीन महिने असं नेमाने केल्यावर पाच-सहांपैकी बहुतेक मुलं हललेली दिसतील. एखादं मूल तरीही तिथेच असेल तर पद्धत बदलत बसण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं लिहून घेताना ते शेजाऱ्याच्या वहीत बघतं का, पाठमोरं असताना हाक मारली तर वळतं का, हे आधी तुम्हीच बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव वेगळं सांगा, आणि पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला आईवडिलांना सांगा. दृष्टी-श्रवण ठीक असेल आणि अक्षरं तरीही उलटसुलट होत राहिली, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना वर्गात बोलवा आणि ती डायरी त्यांच्या हातात द्या.